परड्यातली घूस: आधी बिळं मोजा, मग औषधाचं बघा

बळ्ळारी नाला भरला आणि पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात पसरलं की दोन-चार दिवसांत शिवाराला लागून असलेल्या वसाहतींतून एकच तक्रार सुरू होते. परड्यात रातोरात माती उकरलेली, अळवाखाली भोक, धुणं धुवायच्या दगडाखाली बोगदा. शेतातली बिळं पाण्यात गेली की त्यात राहणारे कोरड्या जागेकडे सरकतात, आणि कोरडी जागा म्हणजे आपलं जोतं. दुसरी लाट सुगीनंतर येते. भात कापून मळणी झाली, शेतातलं खाणं संपलं, की तीच मंडळी पुन्हा घरांकडे वळतात. रताळी, बीट, भुईमूग असं जमिनीत पिकणारं काही परड्यात लावलेलं असेल तर मग विचारायलाच नको.

यावर बहुतेक घरांत होतं ते असं. कोणीतरी चिडून दुकानात जातो, ‘उंदराचं औषध’ मागतो, दुकानदार देईल ते आणतो, भाकरीच्या तुकड्याला लावून बिळापाशी टाकतो. दोन उंदीर मरतात. बाकीचे त्या तुकड्याकडे ढुंकून बघत नाहीत. महिन्याभरात पहिल्याइतकेच उंदीर. मधल्या काळात शेजारच्या कुत्र्याने तो तुकडा खाल्ला असेल तर भांडण वेगळं. हा प्रकार थांबवायचा असेल तर दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: परड्यात नेमकं कोण आहे, आणि ते कशावर जगतंय.

कोण आहे ते ओळखा

सरसकट ‘उंदीर’ म्हणून चालत नाही. आपल्याकडच्या परड्यात साधारण तीन प्रकारचे असतात. पहिली घूस. जाडजूड, आखूड तोंडाची, रागावली की केस फुलवून गुरगुरणारी. ही जमिनीतली. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला की घूस समजा. हिच्यातली शेतात जास्त दिसणारी लहान जात बिळाचं तोंड आतून मातीने बुजवून घेते आणि आत धान्य साठवते. मोठी जात घराचं जोतं, कंपाउंडची भिंत, गटार पोखरते. जमिनीखाली पिकणारी रताळी वरून हिरवीगार दिसतात आणि उपटली की खालून निम्मी कुरतडलेली निघतात, ते काम घुशीचं.

दुसरा काळा उंदीर. अंगाने सडपातळ, शेपूट अंगापेक्षा लांब, कान मोठे. हा चढणारा. बीळ क्वचितच करतो. माळा, कौलं, नारळाचा शेंडा, वेलींचं जाळं ही त्याची घरं. चिकू, पेरू, कोवळे नारळ याचे. तिसरा म्हणजे घरातला लहान उंदीर, जो पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही आत शिरतो. बागेचं नुकसान तो फारसं करत नाही, पण बियाण्याचे पुडे आणि कोंबड्यांचं खाद्य त्याला पुरतं.

चिचुंद्री यात धरू नका. लांब सोंडेसारखं नाक, चिकचिक आवाज आणि उग्र वास यावरून ती लगेच ओळखू येते. ती उंदरांच्या कुळातलीच नाही. किडे, झुरळं, गोगलगायी खाते, म्हणजे आपलंच काम करते. पिंजऱ्यात आली तर सोडून द्या.

सीमेवर राहणाऱ्यांना इथे एक भाषेची अडचण येते. कन्नडमध्ये उंदीर म्हणजे ‘इलि’ आणि घूस म्हणजे ‘हेग्गण’. दुकानात नुसतं ‘इलि पाषाण’ मागितलं की लहान उंदरासाठीचं काहीतरी हातात पडतं. हैदराबादकडे घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर; इंग्रजीतला ‘बँडिकूट’ शब्द याच तेलुगू शब्दावरून गेला. आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगायला नको, तिकडे ‘हमारे यहाँ घूस बहुत है’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला सरकारी कचेरी आठवेल.

बिळांची मोजणी

मी कॉमर्सचा माणूस. शिल्लक माहीत नसताना खर्च मांडू नये, एवढं मला कळतं. परड्यात दहा भोकं दिसतात म्हणून दहा घुशी असतात असं नाही. एकीच्या बिळाला चार-पाच तोंडं असतात आणि बरीच जुनी, सोडलेली असतात. शेतीखात्याचे लोक वापरतात ती रीत साधी आहे. संध्याकाळी सगळी भोकं मातीने हलकी बुजवायची. सकाळी जेवढी पुन्हा उघडलेली दिसतील तेवढीच जिवंत. त्यांच्याशेजारी काटकी रोवून खूण करा. पुढे उपाय केल्यावर हीच मोजणी परत करायची, म्हणजे खरंच फरक पडला की नुसतं समाधान, ते कळतं. बुजवताना हात भोकात घालायचा नाही. खोऱ्याने किंवा पायाने माती ढकला. कारण पुढे येईलच.

फळांचं नुकसान झालं असेल तर कोणी केलं तेही बघा. दिवसाढवळ्या कुरतडते ती खार. चोच मारून अर्धं टाकतो तो पोपट. चिकूचा चोथा करून झाडाखाली टाकतं ते वटवाघूळ. उंदराचे दोन समोरचे दात शेजारी-शेजारी उमटतात आणि काम रात्रीचं असतं. वटवाघळाच्या रागाने उंदराला विष घालण्यात अर्थ नाही.

खाणं बंद केल्याशिवाय काही बंद होत नाही

मादी साधारण तीन आठवडे गाभण राहते. एका वेताला पाच-सहा, कधी आठ पिल्लं. तीनेक महिन्यांत ती पिल्लंच विण्याजोगी होतात. समजा तुमच्या परड्यात दहा उंदरांना पुरेल एवढं खाणं रोज पडतं. त्यातले सहा तुम्ही मारलेत. उरलेल्या चारांच्या वाट्याला आता प्रत्येकी अडीचपट खाणं आलं. ते जास्त वितात, पिल्लं जास्त जगतात, शेजारून नवे येतात, आणि हिशेब पुन्हा दहावर येऊन थांबतो. मारण्याने संख्या तात्पुरती कमी होते. किती राहणार ते खाणं आणि आडोसा ठरवतो.

म्हणून संध्याकाळी दिवेलागणीला परड्यात एक चक्कर मारा आणि रात्री खायला काय काय उरतंय ते बघा. कुत्र्याच्या भांड्यातला भात. कोंबड्यांचं सांडलेलं दाणं. कावळ्या-चिमण्यांसाठी भिंतीवर ठेवलेले तांदूळ. झाडाखाली पडलेले पेरू. आणि सगळ्यात मोठं कोठार म्हणजे घरचा खतखड्डा. हल्ली ओला कचरा घरीच जिरवा म्हणून महापालिका सांगते, ते चांगलंच आहे, पण उघड्या खड्ड्यात शिजलेला भात, पोळी, मटणाची हाडं टाकली की ते खत राहत नाही, खानावळ होते. भाजीची देठं, फळांची सालं, पालापाचोळा टाका. शिजलेलं अन्न नको. डबा किंवा ड्रम वापरत असाल तर तळाला बारीक भोकांची लोखंडी जाळी बसवा. प्लास्टिकची जाळी चालत नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवण्यासाठी त्याला कुरतडावंच लागतं, आणि प्लास्टिक त्याला सोयीचंच पडतं. जाळीचं भोक पाव इंचाचं पाहिजे. अर्ध्या इंचातून लहान उंदीर आरामात जातो.

आडोशाचंही तसंच. जळणाची मोळी, जुनी कौलं, नारळाच्या झावळ्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं पडलेल्या असतात. जळण फूटभर उंच फळीवर ठेवा. घराच्या भिंतीलगत दोन-तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. उंदराला उघड्यावरून जायला आवडत नाही, तो भिंतीच्या कडेकडेनेच पळतो. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटा. मोरीच्या पाइपच्या तोंडाला जाळी लावा. हे सगळं एका रविवारचं काम आहे आणि औषधाच्या पुडीपेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो. तरी लोक आधी पुडीच आणतात.

पिंजरा आणि त्याचा धीर

पिंजरा लावला, पहिल्याच रात्री काही आलं नाही, म्हणून उचलून माळ्यावर टाकला, असं बहुतेक घरांत होतं. घूस आणि काळा उंदीर नव्या वस्तूला घाबरतात. रोजच्या वाटेवर काही नवं दिसलं की दोन-तीन रात्री लांबून वळसा घालतात. म्हणून पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून ठेवा, आत खाणं ठेवा आणि तीन रात्री तसाच राहू द्या. आतलं खाणं जायला लागलं की चौथ्या रात्री तार सोडा. भाजलेलं खोबरं, शिळं भजं, शेंगदाणे, सुकट यांतलं काहीही चालतं. पिंजरा मोकळ्या जागी नको. भिंतीला लागून, त्यांच्या वाटेवर. त्या वाटेवर गवत दबलेलं असतं आणि भिंतीवर तेलकट काळा पट्टा दिसतो.

पकडलेला उंदीर लांब नाल्यावर सोडून येणारे दयाळू लोक पुष्कळ आहेत. तो नाला कोणाच्या तरी परड्याला लागून असतोच. गोंदाचे सापळे मात्र आणू नका. त्यात उंदीर दोन-दोन दिवस तडफडतो, आणि त्यात पाल, चिमणी, चिचुंद्री, धामणीची पिल्लंही अडकतात. भारतीय पशु कल्याण मंडळाने त्यांच्याविरुद्ध राज्यांना सूचनाही दिलेल्या आहेत.

मांजर पाळावं का, असा प्रश्न हमखास येतो. लहान उंदरासाठी उपयोग होतो. पूर्ण वाढलेली घूस समोर आली तर बोकाही दुसरीकडे बघतो. डांबरगोळ्या, पुदिना, लसूण, प्लगला लावायची आवाजाची यंत्रं यांचा परिणाम टिकत नाही. उघड्या बागेत तर नाहीच.

विष वापरायचंच असेल तर

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हेची विषं मिळतात आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. एक तडकाफडकी मारणारं. झिंक फॉस्फाइड हे त्यातलं जुनं: काळपट राखाडी पूड, लसणासारखा वास. पोटात गेल्यावर आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. याला उतारा नाही. उंदीर काही तासांत मरतो, पण ज्याने थोडंसंच खाल्लं आणि वाचला तो पुढे त्या चवीला शिवत नाही. वर सांगितलेले ‘दोन मेले, बाकीचे ढुंकून बघत नाहीत’ ते यामुळे. शेतावर माहीतगार माणसाने वापरण्याची ही वस्तू आहे. जिथे मुलं खेळतात त्या परड्यात तिचं काम नाही. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट तर त्याहून वाईट. माणसाच्या पोटात गेली तर यकृत निकामी होतं. पहिला-दुसरा दिवस माणूस बरा वाटतो आणि मग एकदम बिघडतं. अशी पेस्ट घरात ठेवूच नये. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकायचा सल्लाही कोणी ना कोणी देतो. त्या सर्वसामान्य माणसाला विकायला परवानगीच नाही. त्यातून निघणारा वायू जोत्याच्या फटीतून घरात शिरला तर माणसं दगावतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे सावकाश मारणारी. ब्रोमॅडिओलोनच्या मेणाच्या वड्या मिळतात, प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे किलोत फक्त ५० मिलिग्रॅम. यामुळे रक्त गोठणं बंद होतं. उंदीर खातो, त्याला काहीच होत नाही, पुन्हा येऊन खातो, आणि चार-पाच दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. तोवर बाकीच्यांनीही खाल्लेलं असतं, कारण कोणालाच संशय येत नाही.

या औषधाची मूळ गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात बुरशी लागलेला गवती चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, बुरशी लागली की त्याचं रूपांतर रक्त पातळ करणाऱ्या द्रव्यात होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याचा शोध लागला, त्यातून वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं, आणि काही वर्षांनी माणसांसाठीही. ज्यांच्या घरी हृदयाची झडप बदललेला रुग्ण आहे त्यांना ही गोळी ओळखीची असेल. ब्रोमॅडिओलोन हा त्याच घराण्यातला जास्त जहाल भाऊ. आणि आपल्या कोकणात, गोव्यात बांधावर लावतात ती गिरिपुष्पाची झाडं, ज्यांना लोक ‘उंदीरमारी’ म्हणतात, त्यांच्या पाल्यातही कुमारिनच असतं. मध्य अमेरिकेतले शेतकरी हा पाला धान्याबरोबर आंबवून उंदरांना घालत आले. नुसतं झाड लावल्याने मात्र उंदीर पळत नाहीत, ही समजूत सोडून द्यावी.

वडी उघड्यावर ठेवायची नाही. चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा घ्या, मधोमध तारेने वडी बांधा, पाइप भिंतीलगत ठेवून वर दगड ठेवा. कुत्र्याचं तोंड पोचत नाही, पावसात भिजत नाही, उंदराला वडी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. घुशीच्या जिवंत बिळात वडी काठीने आत खोलवर सरकवून तोंड हलकं बंद केलं तरी चालतं. पाकिटावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आठवडी बाजारात कागदाच्या पुडीत बिनलेबलाचं मिळतं ते कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो ‘काय खाल्लं?’ आणि त्याचं उत्तर त्या पुडीवर नसतं.

हे मी जरा लांबवून सांगतोय, कारण मुलाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात विष गेल्यावर होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. दूध पाजायचं नाही. पाकीट घेऊन सरळ दवाखाना, किंवा १०८ ला फोन. वडी ब्रोमॅडिओलोनची असेल तर मूल दोन दिवस हसतं-खेळतं दिसेल. त्यावर विसंबू नका, डॉक्टर सांगतील त्या दिवशी रक्त गोठण्याची तपासणी कराच. याला उतारा आहे, व्हिटॅमिन के-१, पण तो वेळेत द्यावा लागतो. कुत्रं तीन-चार दिवसांनी एकदम मलूल झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर जनावरांच्या डॉक्टरला ‘उंदराचं औषध’ हा शब्द स्वतःहून सांगा.

मेलेला उंदीर, ओली माती

आपल्या भागातल्या जुन्या लोकांना ‘उंदीर पडला’ हा शब्दप्रयोग माहीत असतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत पुणे, बेळगाव, धारवाडपर्यंत पसरला. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून शिवारात खोपट्या घालून राहायचं, ही रीत तेव्हाची. सुरतेत १९९४ मध्ये जी पळापळ झाली ती वडोद्याच्या वाचकांनी जवळून बघितली आहे. आज प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण मेलेल्या उंदराला उघड्या हाताने न शिवण्याचा नियम तेव्हाइतकाच खरा आहे.

आजचा धोका लेप्टोचा. उंदराच्या लघवीतून हे जंतू ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, हाताच्या खरचटल्यातून अंगात शिरतात. २००५ च्या जुलैच्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. पावसाळ्यात परड्यात अनवाणी चिखल तुडवू नका. गमबूट आणि हातमोजे घाला, जखम झाकून ठेवा. काम केल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नका आणि डॉक्टरांना परड्यात काम केल्याचं सांगा. लवकर कळलं तर साध्या औषधांनी बरं होतं. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातं.

मेलेला उंदीर पिशवी हाताला गुंडाळून उचला, झाडांपासून आणि विहिरीपासून लांब दोन फूट खोल पुरा. खतखड्ड्यात नको. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडून ओल्या करा. जमिनीलगतची कोथिंबीर, पालक चांगल्या पाण्याने धुऊनच खा, आणि दात लागलेलं फळ ‘तेवढं कापून टाकलं’ म्हणून पोरांना देऊ नका.

बिळात हात घालू नका म्हटलं त्याचं कारण साप. उंदराच्या मागोमाग धामण येते, तशीच नाग आणि घोणसही. सुगीच्या दिवसांत गवताच्या गंजीत, रिकाम्या बिळात ते असतात. बिळात मिरचीची धुरी द्यायची जुनी पद्धत आहे, पण आतून कोण बाहेर येईल याचा भरवसा नाही. धामण मात्र बिनविषारी, उंदरांवर जगणारी. ती गाईचं दूध पिते वगैरे काही खरं नाही. गव्हाणी घुबडाचंही तेच: गोरं बदामासारखं तोंड, रात्री छपरावरून घुसमटल्यासारखा आवाज, म्हणून लोक अपशकुनी समजून हाकलतात. त्याचं मुख्य अन्न उंदीरच. विष खाल्लेला उंदीर याच्या पोटात गेला तर तेही मरतं. ज्यांच्या आवारात घुबडाची वस्ती आहे त्यांनी वड्या टाळून पिंजऱ्यावर भर द्यावा, असं माझं मत.

नारळवाल्यांसाठी

गोव्याकडच्या आणि खानापूर तालुक्यातल्या वाचकांचा प्रश्न वेगळा. कोवळे नारळ गळतात, देठाजवळ गोल भोक असतं. हा काळा उंदीर शेंड्यातच राहतो. बुंध्याला जमिनीपासून दोन मीटरवर गुळगुळीत पत्र्याचा सव्वा-दीड फूट रुंद पट्टा गुंडाळला की खालून चढता येत नाही. पण झावळ्या शेजारच्या माडाला किंवा छपराला लागत असतील तर पट्टा निरुपयोगी, तो वरच्यावर उड्या मारतो. दाट बागेसाठी कासरगोडच्या नारळ संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे: दर पाच माडांतल्या एकाच्या शेंड्यात ब्रोमॅडिओलोनची १० ग्रॅमची वडी ठेवायची, आणि बारा दिवसांनी पुन्हा एकदा. प्रत्येक माडावर चढायची गरज नाही.

गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे उंदीरबी करतात, मामाला मटणाचा नैवेद्य दाखवतात. ती प्रथा राहू द्या, फक्त उष्टं रात्री परड्यात ठेवू नका. आणि हे काम एकट्या घराने करून भागत नाही. एका परड्यातून हुसकलेले शेजारच्या परड्यात जातात, म्हणून गल्लीतल्या सात-आठ घरांनी एकाच आठवड्यात बिळं बुजवून मोजणी करावी. वेळ सुगीच्या आधीची, म्हणजे पाऊस ओसरल्यावर, भात कापायच्या अगोदरची. सल्ला लागला तर कर्नाटकात होबळीच्या रयत संपर्क केंद्रात, महाराष्ट्रात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आणि गोव्यात विभागीय कृषी कार्यालयात विचारा. जाताना जिवंत बिळं किती, आणि कुरतडलेलं रताळं किंवा नारळ बरोबर नेता आला तर न्या. ते बघून कोणता उंदीर आहे ते तिथले लोक लगेच सांगतात.